घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मशीन कसं चालवायचं

अंधेरी, गोरेगाव, भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटींमधला एखादा जुना गाळा बंद झाला की आतली मशिनं बहुतेक वेळा वजनावर जातात. बिडाचा बेड असलेलं साडेचार फुटी लेथ, पिलर ड्रिल, छोटं शेपर. नीट तेलपाणी केलं तर अजून कित्येक वर्षं काम देतील अशी मशिनं. घरी छोटं वर्कशॉप असलेला एखादा ती बघायला येतो, बेडवरून हात फिरवतो, चक फिरवून बघतो, भावही परवडतो. मग मोटरवरची प्लेट वाचतो आणि परत फिरतो: ‘थ्री फेज आहे, आपल्याकडे नाही चालणार.’

साधारण तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मशीनसाठी हे खरं नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर ते मशीन पूर्ण ताकदीनं चालतं, शिवाय स्पीड कमीजास्त करायची सोय मिळते, जी गाळ्यात असताना त्याला नव्हती. फक्त कामाचा क्रम पाळायला हवा. बरेच जण आधी दुकानात जाऊन काहीतरी विकत आणतात आणि मोटरचं झाकण नंतर उघडतात. मोटर आधी उघडा. काय घ्यायचं, किती खर्च होईल, घ्यावं की नाही, हे सगळं त्या झाकणाखालीच ठरतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट. मीटरपासून वर्कशॉपच्या बोर्डापर्यंतची लाइन परवानाधारक वायरमनकडूनच ओढून घ्या. पुढची जोडणी समजून उमजून स्वतः करता येते, पण ज्याला फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक मीटर लावून सांगता येत नाही त्यानं तीही करू नये.

आधी मीटर बघा

तुमच्याकडे खरंच सिंगल फेजच आहे का? विचित्र वाटेल, पण मुंबईत दोन-तीन एसी असलेल्या कितीतरी फ्लॅटना थ्री फेज मीटर असतो आणि घरच्यांना ते माहीत नसतं. घरातला प्रत्येक सॉकेट २३० व्होल्टचाच असतो, कारण वायरमननं एका फेजवर एसी, दुसऱ्यावर किचन आणि तिसऱ्यावर दिवे-पंखे अशी वाटणी केलेली असते. डीबी बॉक्समध्ये (जिथून घरभर लाइनी वाटल्या जातात त्या डब्यात) मेन स्विच चार पोलचा असेल आणि त्यात लाल, पिवळी, निळी आणि काळी अशा चार जाड वायरी येत असतील, तर तुमच्या घरात ४१५ व्होल्ट आलेलेच आहेत. मग वायरमनकडून वर्कशॉपपर्यंत एक चार पोलची लाइन ओढून घ्या. या लेखातला बराचसा भाग तुम्हाला लागणार नाही.

बिल्डिंगच्या लिफ्टला आणि पाण्याच्या पंपाला थ्री फेज असतंच. मीटर रूममध्ये ते समोर दिसतं आणि एखादा ओळखीचा माणूस ‘तिथूनच एक वायर घेऊ’ असं सुचवतोही. घेऊ नका. ते सोसायटीचं कनेक्शन आहे आणि त्यावरून घरात लाइन ओढणं सरळ बेकायदा आहे.

नवीन थ्री फेज कनेक्शन मागता येतं. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. जो तुमचा पुरवठादार असेल त्याच्याकडे वाढीव लोडचा अर्ज करायचा. मोठ्या मशिनांसाठी हाच योग्य मार्ग. पण जुन्या चाळीत किंवा सोसायटीत मीटर रूमपासून तुमच्या दारापर्यंत नवी केबल आणायची, तिला जागा शोधायची, कमिटीची परवानगी मिळवायची, डिपॉझिट भरायचं आणि त्यानंतर महिन्याचा स्थिर आकारही वाढलेला भरत राहायचं. एका दीड हॉर्सपॉवरच्या लेथसाठी हा खटाटोप मला पटत नाही.

घरगुती मीटरवर तुमचा छंद, घरातली दुरुस्ती, शिकणं चालतं. बाहेरची जॉब-वर्कची कामं पैसे घेऊन करायची असतील तर दर वेगळा लागतो. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर २००३च्या वीज कायद्यातल्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. तेव्हा धंदा करायचा असेल तर पुरवठादाराशी आधी बोलून घ्या.

मोटरची प्लेट

तारेच्या ब्रशनं नव्हे, कापडाला थोडं रॉकेल लावून प्लेट पुसा. ब्रशनं अक्षरं जातात. मग मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बघायचं ते इतकंच: हॉर्सपॉवर किंवा किलोवॉट, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, आणि स्टार की डेल्टा (आतल्या तारांच्या जोडणीचे दोन प्रकार, ते पुढे येतात).

सर्वसाधारण प्लेटवर १ एचपी, ४१५ व्होल्ट, १.८ अँपिअर, १४२० आरपीएम आणि स्टार असं काहीसं सापडेल. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक करून ४१५ व्होल्टला स्टारमध्ये बांधलेल्या असतात, आणि आपलं काम सोपं होतं ते यामुळेच. पाच एचपी आणि वरच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टलाच डेल्टामध्ये असतात. तीन एचपी सीमेवर आहे, कंपनीप्रमाणे दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून अंदाज बांधू नका, प्लेट वाचा. २३०/४०० व्होल्ट, डेल्टा/स्टार असं लिहिलेलं असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

टर्मिनल बॉक्स उघडा

इथे घाई करू नका. बाकी सगळं चुकलं तर दुरुस्त होतं, इथे चुकलं तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, जळतं.

थ्री फेज मोटरमध्ये तीन वाइंडिंग असतात. प्रत्येक वाइंडिंग किती व्होल्टसाठी बांधलंय ते ठरलेलं असतं. समजा २४०. स्टार जोडणीत तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली असतात आणि उरलेल्या तीन टोकांना तीन फेज येतात. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असले तरी मध्ये दोन वाइंडिंग असल्यामुळे एकेकीच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्ट येतात. डेल्टा जोडणीत प्रत्येक वाइंडिंग दोन फेजच्या मध्ये एकटं बसतं. म्हणजे तिथे दोन फेजमध्ये २४० व्होल्ट असले की पुरे. वाइंडिंगच्या दृष्टीनं दोन्हीकडे परिस्थिती तीच. त्याला तेवढेच व्होल्ट मिळतात, तेवढाच करंट वाहतो आणि शाफ्टवर तेवढाच जोर येतो.

थोडक्यात, ४१५ व्होल्ट स्टारची मोटर डेल्टा केली की ती २४० व्होल्ट थ्री फेजची मोटर होते. काहीही न गमावता. आणि घरच्या सिंगल फेजमधून २३० व्होल्टचे तीन फेज बनवणं आज अगदी सोपं आहे.

आता प्रत्यक्ष बॉक्स. झाकणाचे चार स्क्रू काढलेत की आत सहा पितळी स्टड दिसतील, तीनच्या दोन ओळींत. खालच्या ओळीत डावीकडून यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१. वरच्या ओळीत डब्ल्यू-२, यू-२, व्ही-२. वरची ओळ एक घर सरकलेली आहे हे नीट बघून घ्या, यू-१ च्या डोक्यावर यू-२ नाही, डब्ल्यू-२ आहे. सध्या वरच्या तीन स्टडवर आडव्या पितळी पट्ट्या असतील. ती झाली स्टार. त्या पट्ट्या काढायच्या आणि तीन पट्ट्या उभ्या बसवायच्या: यू-१ ते डब्ल्यू-२, व्ही-१ ते यू-२, डब्ल्यू-१ ते व्ही-२. झालं डेल्टा. वरची ओळ मुद्दाम सरकवलेली असते ती याचसाठी, उभ्या पट्ट्या लावल्या की आपोआप बरोबर डेल्टा तयार होतं. कुणी वायर स्वतः ओढून यू-१ ला यू-२ जोडलं तर ते वाइंडिंग शॉर्ट झालं, आणि मोटर गेली.

जुन्या देशी मोटरींवर ए-१, बी-१, सी-१ आणि ए-२, बी-२, सी-२ अशी खूण असते. तिथे ए-१ ला सी-२, बी-१ ला ए-२ आणि सी-१ ला बी-२. नट पितळी आणि वर्षानुवर्षं आवळलेले असतात, तेव्हा नेमक्या मापाचा बॉक्स पाना वापरा. स्टड फिरला तर मागची लीड पिळवटून तुटते.

पट्ट्या हलवायच्या आधी मोटरची तब्येत बघा. ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये किमान एक मेगोहम मिळायला हवा, चांगल्या मोटरीत त्याच्या कितीतरी पट मिळतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये पडून राहिलेली मोटर हमखास ओल धरते आणि आकडा खाली येतो. म्हणून ती लगेच भंगारात काढू नका. एंड कव्हर काढून आत शंभर वॅटचा साधा, फिलामेंटचा बल्ब दोन दिवस चालू ठेवा, वरून गोणपाट टाकू नका, हवा खेळू द्या. बहुतेक मोटरी सुधारतात. मेगर करताना मोटरला दुसरं काहीही जोडलेलं नसावं. पुढे ड्राइव्ह बसवल्यावर कधी मेगर करायची वेळ आली तर ड्राइव्हच्या वायरी आधी सोडवा, नाहीतर ड्राइव्ह जाईल.

सहाऐवजी तीनच वायरी निघाल्या तर

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटरीत असं बऱ्याचदा दिसतं. स्टारचा जोड आत, वाइंडिंगच्या टोकाच्या गाठींमध्ये दोऱ्यानं बांधून वार्निश केलेला असतो. बाहेर तीनच टोकं.

अशी मोटर वायंडरकडे न्या. कुर्ला, साकीनाका भागात किंवा कुठल्याही इस्टेटीच्या आसपास सापडेल. त्याला नेमकं सांगा: ‘रिवाइंडिंग नकोय, स्टार पॉइंट उघडून सहा टोकं बाहेर काढून द्या.’ तो दोरा कापतो, जोड शोधतो, तीन नव्या लीड्स स्लीव्ह घालून जोडतो, पुन्हा बांधून वार्निश मारतो. वार्निश फारच कडक झालेलं असेल तर सोडवताना तार तुटू शकते आणि मग पूर्ण रिवाइंडिंग करावं लागतं. तेव्हा हा धोका आधीच बोलून घ्या, दोन्ही कामांचा दर विचारून ठेवा. मोटर उघडलेलीच आहे तर बेअरिंगही बदलून घ्या. एक-दोन एचपीच्या मोटरीत बहुधा ६२०४ किंवा ६२०५ नंबरची असतात, पण जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचूनच नवी आणा.

सहा टोकं आहेत पण खुणा पुसल्यात, अशी मोटरही वायंडरलाच दाखवा. मल्टिमीटरनं जोड्या ओळखता येतात, सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते त्यानं कळत नाही, आणि एक जरी वाइंडिंग उलटं लागलं तर मोटर गुरगुरते आणि तापते.

पर्याय कोणते

मोटरच बदलून सिंगल फेज बसवता येते. बेंच ग्राइंडर, साधं ड्रिल, एअर कॉम्प्रेसर यांना हे चालून जातं. लेथला मला आवडत नाही, कारण सिंगल फेज मोटरचा जोर धडधडत येतो आणि तो फिनिश कटवर दिसतो. उलट फिरवायची सोयही अडचणीची.

कपॅसिटर लावून चालवणं हा जुना देशी उपाय. डेल्टा केलेल्या मोटरच्या दोन टोकांना फेज-न्यूट्रल आणि तिसऱ्याला कपॅसिटरमधून फेज. २३० व्होल्टला दर किलोवॉटमागे साधारण ७० मायक्रोफॅरड. मोटर फिरते, पण ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपासच मिळते, सुरुवातीचा जोर आणखी कमी, आणि लोड बदलला की तिन्ही वाइंडिंगमधला करंट असमान होऊन मोटर तापते. एखादा पंखा किंवा पॉलिशिंग बफ चालवायला ठीक.

रोटरी कन्व्हर्टर म्हणजे एक जादाची थ्री फेज मोटर रिकामी फिरवून तिच्याकडून तिसरा फेज बनवून घ्यायचा. मजबूत उपाय आहे, पण आपल्या २३० वर तोही २३० व्होल्टच बनवतो, म्हणजे ४१५ ची मोटर हवी असेल तर आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. वर ती रिकामी मोटर सतत घरघरत राहते. फ्लॅटमध्ये किंवा चाळीत शेजारी हे चार दिवसही ऐकून घेणार नाहीत.

राहिला व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, ज्याला गाळ्यात सगळे नुसतं ड्राइव्ह म्हणतात. एका मशीनला एक ड्राइव्ह, हाच माझा सल्ला, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच.

ड्राइव्ह घेताना

ड्राइव्ह आधी घरचं एसी घेऊन त्याचं डीसी करतो. २३० गुणिले १.४१, म्हणजे साधारण ३२५ व्होल्ट डीसी आतल्या कपॅसिटरांमध्ये साठतं. मग त्याचे तुकडे करून तीन फेज बनवतो, आणि त्यांची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) कमीजास्त केली की मोटरचा स्पीड कमीजास्त होतो. यातून दोन गोष्टी निघतात. साध्या ड्राइव्हमध्ये आत जेवढं व्होल्टेज जातं त्याहून जास्त बाहेर येत नाही, म्हणूनच मोटर डेल्टा करावी लागते. आणि वीज बंद केल्यावरही आत ३२५ व्होल्ट काही मिनिटं शिल्लक राहतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबायचं, बहुतेक ठिकाणी तो पाच ते दहा मिनिटं असतो, आणि मीटरनं तपासूनच टर्मिनलला हात लावायचा.

दुकानात ‘एक एचपीचा ड्राइव्ह द्या’ असं म्हणू नका. तिथे गाळ्यांचं गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे तो ४१५ व्होल्ट थ्री फेज इनपुटवाला पुढे करेल. त्याला घरचे २३० दिले की तो अंडर-व्होल्टेज दाखवून बसून राहील. स्पष्ट सांगा: इनपुट २३० व्होल्ट सिंगल फेज, आउटपुट २३० व्होल्ट थ्री फेज. बॉक्सवर आणि ड्राइव्हच्या बाजूच्या स्टिकरवर हे छापलेलं असतं, तिथेच वाचून खात्री करा.

मग अँपिअर. प्लेटवर स्टारचे १.८ अँपिअर असतील तर डेल्टामध्ये ते १.७३ पट होतात, म्हणजे ३.१ च्या आसपास. ड्राइव्हचा आउटपुट करंट याहून जास्त हवा. लेथला मी एक साइज वरचाच घ्यायला सांगेन. जड चक फिरवायला सुरुवातीला जोर लागतो आणि किमतीत फार फरक पडत नाही.

‘२२० आत, ३८० बाहेर’ असेही ड्राइव्ह मिळतात. मोटर ४१५ डेल्टाची निघाली आणि रिवाइंडिंग करायचं नसेल तर मोह होतो. दोन एचपीच्या वर मी ते घेणार नाही, आतल्या कपॅसिटरांवर फार ताण येतो. त्यापेक्षा त्याच फ्रेमची स्टारवाली जुनी मोटर शोधणं परवडतं.

वायर, एमसीबी, लग, केबल ग्लँड लोहार चाळीत मिळतील. पुली, व्ही-बेल्ट, बेअरिंगसाठी नागदेवी. मॅन्युअल छापील द्या म्हणून मागा, आणि दिलं नाही तर मॉडेल नंबरवरून उतरवून घ्या. मॅन्युअलशिवाय ड्राइव्ह घेऊन काही उपयोग नाही.

जोडणी

ड्राइव्हला इनपुटला मोटरच्या मानानं बराच जास्त करंट लागतो. एक एचपीला ८-९ अँपिअर, दोनला १५ च्या आसपास, तीनला २२ ते २४. म्हणजे दोन एचपी घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटच्या अगदी काठावर येते. म्हणून डीबीपासून स्वतंत्र लाइन: दोन एचपीपर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीनला ६ ची. एमसीबी मॅन्युअलमध्ये दिलेल्या अँपिअरचा, सी कर्व्ह (सुरुवातीचा क्षणभराचा जादा करंट सोसणारा). बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही बघा. गीझर, एसी आणि लेथ एकत्र चालवून मेन पाडू नका.

अर्थिंग. जुन्या चाळींत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकात काहीही आलेलं नसतं, किंवा कुणीतरी न्यूट्रलच तिथे पिळून ठेवलेला असतो. वायरमनकडून खरं अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. मशीनची बॉडी, मोटरची बॉडी आणि ड्राइव्हचा अर्थ, तिन्ही त्याच्याशी पक्के जोडायचे. हे नसेल तर काम इथेच थांबवा.

आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ड्राइव्हमुळे साधा एसी टाइपचा आरसीसीबी कधी उगाच पडतो, आणि कधी पडायला हवा तेव्हा पडत नाही. मॅन्युअल ज्या टाइपचा सांगेल तो वर्कशॉपच्या लाइनवर स्वतंत्र बसवा, निदान ए टाइप.

ड्राइव्ह भिंतीवर, छातीच्या उंचीवर, वर-खाली वीत-वीतभर मोकळी जागा ठेवून. लेथच्या मागे नको, तिथे लोखंडाचा कीस उडतो आणि तो आतल्या फॅननं ओढला की बोर्ड शॉर्ट होतो. उंचीचं कारण मुंबईकराला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत काय झालं ते आठवा.

ड्राइव्हपासून मोटरपर्यंत चार कोअरची शील्डेड केबल, शक्य तितकी छोटी. शील्ड ड्राइव्हच्या अर्थला घट्ट. साधी केबल टाकली तर शेजारच्या रेडिओत खरखर येते.

आणि नवखे सर्वांत जास्त वेळा चुकतात ते इथे: ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काहीही नको. मशीनवरचा जुना स्टार्टर, फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच, कपॅसिटर, काहीच नको. मोटर चालू असताना मधला स्विच उघडला की ड्राइव्हच्या आउटपुटला झटका बसतो. तो ड्रम स्विच फेकू मात्र नका. त्याच्या फेजच्या वायरी काढून टाका आणि त्याच काँटॅक्टवरून ड्राइव्हच्या फॉरवर्ड, रिव्हर्स आणि कॉमन या कंट्रोल टर्मिनलना बारीक वायरी न्या. मशीनचा दांडा पूर्वीसारखाच हातात राहतो, आणि त्यातून आता फक्त इशारा जातो. लाल मशरूम बटण वेगळं, हाताच्या टप्प्यात, मॅन्युअलमध्ये इमर्जन्सी स्टॉपची जी जोडणी दिली असेल तीच करायची.

सेटिंग

प्रत्येक कंपनीचे पॅरामीटर नंबर वेगळे, पण भरायचं तेच असतं.

बेस फ्रिक्वेन्सी ५०, बेस व्होल्टेज २३०. कमाल फ्रिक्वेन्सी सुरुवातीला ५० च ठेवा. मोटर करंट डेल्टाचा, म्हणजे आपल्या उदाहरणात ३.१, प्लेटवरचा १.८ नव्हे. प्लेटवरचा आरपीएम. ओव्हरलोड संरक्षण चालू. स्टार्टचा आदेश टर्मिनलवरून, स्पीड पॉटवरून, म्हणजे फिरवायच्या गोल नॉबवरून. वेग घ्यायचा वेळ ५ सेकंद, थांबायचा ५ ते १० सेकंद.

एक सेटिंग न विसरता बघा: वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू होणं. ते बंद हवं. दिवे गेले, तुम्ही चकमध्ये हात घालून जॉब सोडवताय आणि दिवे आले, असं होऊ शकतं.

पहिल्यांदा चालवताना

बेल्ट काढा. मोटर एकटी १० हर्ट्झवर फिरवा. दिशा उलटी असेल तर मोटरकडच्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा (वीज बंद, कपॅसिटरचा वेळ थांबून). मग ५० हर्ट्झपर्यंत न्या, दहा मिनिटं चालू ठेवा. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर करंट बघा, रिकाम्या मोटरला प्लेटच्या हिशोबाइतका करंट कधीच नको. बॉडीला हात लावून बघा, कोमट ठीक. गुरगुर, वास किंवा भराभर वाढणारी गरमी जाणवली तर लगेच बंद, आणि पुन्हा टर्मिनल बॉक्स तपासा.

मग बेल्ट चढवा. लेथचा चक स्पिंडलला आट्यांवर बसणारा असेल, जुन्या देशी लेथमध्ये बऱ्याचदा असतोच, तर थांबायचा वेळ फार कमी करू नका. स्पिंडल झटकन थांबलं की जड चक आपल्याच वेगानं फिरत राहतो आणि उलगडून निघतो. वीस-पंचवीस किलोचा चक फिरत फिरत बेडवर पडताना समोर उभं राहू नये. रिव्हर्समध्ये कटही अशा लेथवर घ्यायचा नाही.

पॉट फिरवून स्पीड बदलता येतो म्हणून पुलीच्या पायऱ्या विसरू नका. २५ हर्ट्झवर जोर तेवढाच असतो, पण स्पीड निम्मा म्हणून ताकद निम्मी. त्यात मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणजे तोही निम्म्या वेगानं फिरतो. २० हर्ट्झच्या खाली जड कट बराच वेळ चालवला तर मोटर तापते. जड, हळू काम असेल तर बेल्ट खालच्या पायरीवर किंवा बॅक गिअरमध्ये, आणि ड्राइव्ह ४०-५० वर. पॉट फक्त बारीक जुळवाजुळवीला. पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल थरथरायला लागलं की दहा टक्के स्पीड खाली आणायचा, आवाज बसतो आणि कट गुळगुळीत येतो. ज्यानं आयुष्यभर बेल्ट बदलत काम केलंय अशा टर्नरला हे एकदा दाखवा.

ड्राइव्ह अडला तर

थांबताना ओव्हर-व्होल्टेज दाखवला तर थांबायचा वेळ वाढवा. तरीही लवकर थांबायला हवं असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर (थांबताना मोटरकडून परत येणारी वीज जिरवणारा) लागेल. सुरू होताना ओव्हर-करंट दाखवला तर वेग घ्यायचा वेळ वाढवा, आणि बेल्ट फार ताणलेला नाही ना, हेडस्टॉकमध्ये तेल आहे ना ते बघा. अंडर-व्होल्टेज मधूनमधून येत असेल तर बहुतेक वेळा एखादा टर्मिनल स्क्रू सैल असतो. मोटरमधून बारीक शीळ येते ती कॅरियर फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ड्राइव्ह ज्या वेगानं डीसीचे तुकडे करतो त्याची. ती ८ किलोहर्ट्झपर्यंत वाढवली की कमी होते, बदल्यात ड्राइव्ह थोडा जास्त तापतो.

जुन्या मोटरीचं इन्सुलेशन ड्राइव्हमुळे फाटतं असं कुणी सांगेल. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हवर ही काळजी खरी आहे. आपल्याकडे आत ३२५ व्होल्टच आहेत. केबलमध्ये उसळी येऊन दुप्पट झाले तरी साडेसहाशे, आणि गाळ्यात असताना तिला रोज साध्या ४१५ मधूनच ५८७ चं शिखर मिळत होतं. केबल छोटी ठेवलीत तर जुनी मोटर हे सहज सोसते.

दुसरं मशीन आलं की

लेथ चालू झालं की ड्रिल किंवा मिलिंग येतंच. एकच ड्राइव्ह दोघांना वापरायचा असेल तर मोटरकडे पक्का इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावा आणि तो ड्राइव्ह थांबवून, वीज बंद करूनच बदला. प्रत्येक मोटरचा करंट आणि आरपीएम वेगळा असतो, ते पॅरामीटर प्रत्येक वेळी बदलावे लागतात, म्हणून दोन्ही मशीनचे आकडे कागदावर लिहून ड्राइव्हशेजारी चिकटवा. लेथच्या कूलंट पंपाला लेथच्याच ड्राइव्हवर घेऊ नका, स्पीड कमी केला की पाणीही कमी होईल. त्यासाठी सिंगल फेजचा छोटा पंप वेगळा लावा. रोज दोन्ही मशिनं लागायला लागली की दुसरा ड्राइव्ह घ्या. आणि तीन एचपीच्या पुढचं मशीन खुणावायला लागलं की पुरवठादाराकडे थ्री फेजचा अर्ज टाका, ते काम सिंगल फेजचं नाही.